कुलाबा वेधशाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की "कुलाबा वेधशाळेने वर्तवलेल्या अंदाजानुसार" हे शब्द कानावर पडू लागतात आणि त्यापाठोपाठ तेच ते प्रश्नही. वेधशाळा म्हणजे तारे पाहायची जागा ना? मग ती पाऊस कशी सांगते? अलिबागला हलवली ती कोणती? आजोबांच्या पत्रिकेत "मुंबई टाइम" लिहिले आहे, त्याचे काय करायचे? असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गुंतला आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कुलाबा वेधशाळा कधी आणि कशासाठी सुरू झाली?

१८२६ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने सुरू केली. ग्रहताऱ्यांचे वेध घेणे आणि मुंबई बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरवणे, ही तिची कामे. यातले दुसरे जास्त निकडीचे होते, कारण भर समुद्रात आपण किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहोत हे खलाशाला घड्याळावरूनच कळत असे (प्रश्न ३).

तेव्हाचे कुलाबा आजच्यासारखे मुंबईला जोडलेले नव्हते. ते बेट होते. कॉजवे झाला १८३८ मध्ये; त्याआधी भरती असली की पलीकडे जायला होडी लागे. आज ज्या रस्त्यावर खरेदीची झुंबड असते, तो रस्ता वेधशाळेहून बारा वर्षांनी लहान आहे.

२. पाऊस सांगणाऱ्या कचेरीला "वेधशाळा" का म्हणतात?

आधी ती खरोखरच वेधशाळा होती आणि पावसाचे काम नंतर आले, म्हणून. १८४१ पासून तेथे पृथ्वीचे चुंबकत्व आणि हवामान यांच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. ताऱ्यांचे वेध घ्यायचे ते घड्याळ लावण्यापुरते. नोंदवह्या मात्र तापमान, वायुभार, वारा, पाऊस आणि चुंबकसुईच्या आकड्यांनी भरत गेल्या. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि १८९९ मध्ये कुलाब्याची वेधशाळा त्याच्याकडे गेली. काम बदलले, नाव तेच राहिले.

तसे ते नाव चुकीचेही नाही. वेध घेणे म्हणजे ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या साधनाने निरीक्षण करून आकडा लिहून ठेवणे. ते ताऱ्याचे असो वा पर्जन्यमापकातील पाण्याचे, शिस्त एकच.

३. ताऱ्यांवरून घड्याळ कसे लावत असत?

दुर्बीण फिरवून हवा तो तारा शोधायचा, असे हे काम नव्हते. यासाठीची याम्योत्तर दुर्बीण फक्त उत्तर-दक्षिण दिशेत वर-खाली होते. तिचा आडवा आस पूर्व-पश्चिम पक्का बसवलेला असतो. प्रत्येक तारा रोज एकदा दक्षिणोत्तर रेषा ओलांडतो. तो क्षण नाक्षत्रकालात, म्हणजे ताऱ्यांच्या फिरण्यावरून मोजलेल्या वेळेत, किती वाजता येणार हे कोष्टकात दिलेले असते. आपल्या घड्याळात तो कधी आला ते पाहिले की दोन्हींतील फरक म्हणजे घड्याळाची चूक.

नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, उभे बारीक धागे ताणलेले असतात. त्यासाठी कोळ्याच्या जाळ्याचा तंतू वापरत. निरीक्षक डोळा दुर्बिणीला लावून बसतो आणि कानाने लंबकाचे ठोके मोजतो. समजा सातव्या ठोक्याला तारा धाग्याच्या अलीकडे आहे आणि आठव्याला पलीकडे गेला. अलीकडचे अंतर तीन भाग, पलीकडचे दोन, तर त्याने धागा ओलांडला ७.६ सेकंदाला. हेच प्रत्येक धाग्यावर करून सरासरी काढायची. सराव झालेला माणूस अशा रीतीने सेकंदाचा दहावा भाग सांगतो.

चुका तीन ठिकाणी शिरतात: आस पूर्ण आडवा नसणे, तो नेमका पूर्व-पश्चिम नसणे आणि दुर्बिणीची दृष्टिरेषा आसाशी काटकोनात नसणे. म्हणून एका ताऱ्यावर विसंबत नाहीत. काही तारे डोक्यावरचे, काही क्षितिजाकडचे घेतात. मग या चुका वेगवेगळ्या करता येतात.

मुंबईत खरी अडचण पावसाळ्याची. ढगांमुळे दिवसच्या दिवस तारा दिसत नाही. अशा वेळी घड्याळाची रोजची चाल आधारास घ्यावी लागते. घड्याळ रोज ०.८ सेकंद मागे पडते हे मे महिन्यात पक्के माहीत असेल, तर दहा ढगाळ दिवसांनंतर ८ सेकंद मिळवायचे. पण हवा दमट झाली, तापमान बदलले की चालही बदलते, त्यामुळे आकाश उघडल्यावर पहिल्या वेधाची वाट आतुरतेने पाहावी लागते.

एवढा खटाटोप का? वेळेत ४ सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात १ कलेची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक. मुंबईच्या अक्षांशावर ते सुमारे पावणेदोन किलोमीटर होतात. क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचे अचूक घड्याळ, एक मिनिट चुकला तर जहाज नकाशावर सुमारे २६ किलोमीटर भलतीकडे, आणि कोकणचा किनारा खडकांनी भरलेला.

४. बंदरातील जहाजांपर्यंत ही वेळ पोहोचत कशी असे?

वेळेच्या गोळ्याने. उंच खांबावर एक मोठा गोळा दोरीने वर चढवतात आणि ठरलेल्या क्षणी सोडून देतात. बंदरातील जहाजावरचा अधिकारी दुर्बिणीतून तो पाहतो आणि क्रोनोमीटरची वेळ टिपतो. काटे फिरवत नाहीत, फक्त फरक लिहून ठेवतात. काटे फिरवले की घड्याळाची चाल बिघडते.

नवख्यांची चूक एकच असे: गोळा खाली आपटेपर्यंत थांबणे. वेळ धरायची ती गोळा जागचा हलला त्या क्षणाची. तोफेच्या आवाजावर वेळ लावली तर आणखी गडबड, कारण आवाजाला एक किलोमीटर यायला जवळजवळ ३ सेकंद लागतात. गोळा दिसायला मात्र वेळ लागत नाही.

५. "मुंबई टाइम" म्हणजे काय? ३९ मिनिटांचा फरक कुठून आला?

मुंबईच्या स्वतःच्या रेखांशावरून काढलेली वेळ म्हणजे मुंबई टाइम. कुलाब्याचा रेखांश सुमारे ७२ अंश ४९ कला पूर्व. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे आणि काही सेकंद. व्यवहारात ४ तास ५१ मिनिटे धरत. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कलांवरची, म्हणून ५ तास ३० मिनिटे. वजाबाकी केली की ३९ मिनिटे उरतात.

प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईने ती सुखासुखी स्वीकारली नाही. गिरण्यांची वेळ बदलली तेव्हा कामगारांनी विरोध केला, आणि महानगरपालिकेने तर १९५५ पर्यंत मुंबई टाइम सोडला नाही. कित्येक वर्षे या शहरात "कोणत्या घड्याळाने?" हे विचारूनच भेट ठरवावी लागे. विरोध समजण्यासारखा होता: प्रमाणवेळेने सकाळी सहाचा भोंगा झाला, तेव्हा मुंबईच्या आकाशात ५ वाजून २१ मिनिटेच झालेली असत.

हा फरक आजही घरच्या घरी दिसतो. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी. वर्षभरात हा क्षण मागेपुढे होतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १२:२२ ला, फेब्रुवारीच्या मध्यावर सुमारे १२:५३ ला. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा गच्चीवर उभी ठेवलेली बाटली साधारण १२:३५ ला सावली गिळून टाकते.

६. जुन्या पत्रिकेत किंवा जन्मनोंदीत मुंबईची वेळ आहे. ती आजच्या वेळेत कशी बदलायची?

कागदावर "मुंबई टाइम" किंवा "स्थानिक वेळ" स्पष्ट लिहिले असेल तर ३९ मिनिटे मिळवा. काहीच लिहिलेले नसेल तर पुढील गोष्टी पाहा.

१९०६ पूर्वीची नोंद असेल आणि ती रेल्वेच्या घड्याळावरून घेतलेली असेल, तर ती मद्रास टाइम असू शकते. रेल्वे तेव्हा मद्रासच्या वेळेने, म्हणजे ग्रीनिचच्या ५ तास २१ मिनिटे पुढे, चालत असे. तेथे ३९ नव्हे, ९ मिनिटे मिळवायची. १९०६ ते १९५५ या काळातील मुंबई शहरातली नोंद दोन्हींपैकी कोणतीही असू शकते. नुसत्या तारखेवरून ठरवू नका. त्याच घरातील त्याच काळचा दुसरा कागद, उदाहरणार्थ तिकीट किंवा तार, वेळेसह सापडला तर पडताळा घ्या.

सर्वांत जास्त चुकते ते महायुद्धाच्या काळात. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात प्रमाणवेळ एक तास पुढे केलेली होती, म्हणजे ग्रीनिचच्या ६ तास ३० मिनिटे पुढे. त्या काळातील प्रमाणवेळेची नोंद असेल तर एक तास वजा करावा लागतो. आणि पुण्या-नाशिकच्या जन्माला मुंबईचा ३९ हा आकडा सरसकट लावू नका; मुंबई टाइम हा मुंबईचाच.

७. बाळशास्त्री जांभेकर आणि केरूनाना छत्रे यांचा कुलाबा वेधशाळेशी काय संबंध?

दोघांनीही तेथे काम केले. "दर्पण"कार बाळशास्त्री (१८१२–१८४६) मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात गणित आणि ज्योतिष शिकवत आणि काही काळ वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे होती. एल्फिन्स्टनचेच प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांनी १८४१ च्या चुंबकीय नोंदींची सुरुवात करून दिली. त्यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, १८४० च्या सुमारास विशीच्या आतच कामाला लागले आणि दहाएक वर्षे तेथे राहिले.

केरूनानांनी पुढे १८६० मध्ये "ग्रहसाधनाची कोष्टके" प्रसिद्ध केली आणि पंचांगातील ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळली पाहिजे असा आग्रह धरला. तो आग्रह धरणाऱ्या माणसाची उमेदवारीची वर्षे रोज वेध घेऊन आकडे लिहिण्यात गेली होती, हे विसरून चालणार नाही. त्यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. त्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी वेधशाळेची चुंबकीय शाखा त्यांच्याच तालुक्यात गेली (प्रश्न १०).

८. चुंबकीय नोंदी म्हणजे नेमके काय मोजत असत, आणि कसे?

पृथ्वीच्या चुंबकीय बलाची दिशा आणि जोर. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, आडव्या दिशेतील बल किती आणि उभ्या दिशेतील किती, हे तीन आकडे. होकायंत्रावर जहाजे चालत, म्हणून सुईचे ढळणे व्यवहाराचाच भाग होता. पण हे आकडे दिवसभरात आणि वर्षानुवर्षे बदलतात आणि जगभर एकाच वेळी डळमळतात, हे लक्षात आल्यावर ठिकठिकाणी वेधशाळांचे जाळे उभे राहिले. कुलाबा त्यातलीच एक.

आडवे बल मोजण्याचे साधन जवळून पाहण्यासारखे आहे. एक चुंबकपट्टी दोन समांतर धाग्यांनी टांगतात. धाग्यांचे वरचे टोक पिळून ती पट्टी उत्तर-दक्षिणेऐवजी पूर्व-पश्चिम आडवी धरून ठेवतात. एका बाजूने धाग्यांचा पीळ खेचतो, दुसऱ्या बाजूने पृथ्वीचे चुंबकत्व. पृथ्वीचे बल किंचित कमी झाले की पीळ जिंकतो आणि पट्टी केसभर वळते. पट्टीला आरसा चिकटवलेला असतो. समोर दुर्बीण आणि मोजपट्टी. आरशातून मोजपट्टीचा जो आकडा दुर्बिणीच्या धाग्यावर दिसतो, तो वहीत जातो. कुलाब्याची ही साधने डब्लिनच्या थॉमस ग्रब यांनी घडवलेली होती.

खोटे आकडे येण्याची दोन मोठी कारणे. पहिले, उष्णता: चुंबक तापला की त्याचा जोर घटतो आणि पृथ्वीचेच बल कमी झाल्यासारखे दिसते. म्हणून प्रत्येक वाचनासोबत तापमान लिहायचे आणि दुरुस्ती करायची. दुसरे, लोखंड: निरीक्षकाच्या खिशातील किल्ली किंवा चाकूसुद्धा पुरतो. म्हणून अशा इमारतीत खिळे, बिजागऱ्या, कड्या सगळे पितळ-तांब्याचे असते.

९. १८५९ च्या सौर वादळाची नोंद कुलाब्यात आहे, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि या वेधशाळेची जगात ओळख आहे ती मुख्यतः यामुळेच. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर झगझगीत ज्वाला पाहिली. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ धडकले. तारायंत्रे बिघडली, उष्ण कटिबंधाच्या जवळही ध्रुवीय प्रकाश दिसला. युरोपातील अनेक वेधशाळांचे कागद निरुपयोगी ठरले, कारण तेथे प्रकाशाचा ठिपका छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप नोंद करी आणि तो ठिपका नोंदपट्टीच्या बाहेर निघून गेला.

कुलाब्यात तेव्हा नोंद हाताने होत असे. नेहमी ठरावीक अंतराने वाचन व्हायचे. सुई डळमळू लागली तशी माणसांनी ती काही मिनिटांच्या अंतराने वाचायला सुरुवात केली. २ सप्टेंबरच्या सकाळी अकराच्या सुमारास आडवे बल एकाएकी सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय बलाचे एकक) घसरलेले दिसते. मूळ बल ३७ हजारांच्या आसपास, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त घट. विषुववृत्ताच्या एवढ्या जवळच्या ठिकाणाची त्या वादळाची अशी तपशीलवार नोंद म्हणून आजचे अंतराळ-हवामानाचे अभ्यासक हीच घेऊन बसतात.

दोन खुलासे. मुंबईत तेव्हा ध्रुवीय प्रकाश दिसला का, असे विचारले जाते. वादळाचा कडेलोट झाला तेव्हा येथे भर दिवस होता. मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे ती ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळाच्या रात्रीची. दुसरे, १,६०० हा आकडा काही मिनिटांच्या खोल खड्ड्याचा आहे. तासाची सरासरी काढली तर घट बरीच कमी भरते. आज वादळे ज्या निर्देशांकाने मोजतात तो तासांच्या सरासरीचा असतो, म्हणून १,६०० ची आणि आजच्या निर्देशांकाची थेट तुलना करू नये.

१०. वेधशाळा मुंबईहून अलिबागला का हलवली?

पूर्ण वेधशाळा हलवली नाही. हलवले ते चुंबकीय काम. हवामानाचे काम कुलाब्यातच राहिले.

कारण विजेच्या ट्राम. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या आणि त्यांचा त्रास नव्हता. विजेवरची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली, पण तो बेत आधीच ठरला होता. ट्रामला तारेतून मिळणारा एकदिश प्रवाह रुळांतून परत जातो आणि त्यातला काही जमिनीत झिरपतो. जमिनीत भटकणारा हा प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि प्रत्येक ट्राम सुटली-थांबली की ते बदलते. ही भेसळ नंतर आकड्यांतून वेगळी काढता येत नाही. म्हणून ट्राम धावण्याआधीच, १९०४ मध्ये, अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. ती मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटर दूर आहे आणि इमारत पोरबंदरच्या लोहविरहित दगडाची आहे.

यात सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन ठिकाणांच्या आकड्यांत कायमचा फरक असतो. खालचे खडक वेगळे, अक्षांश वेगळा. तो फरक एकाच वेळच्या वाचनांवरूनच ठरवता येतो. ती दोन वर्षे वाचवली असती तर १९०६ ला मालिका तुटली असती. तसे झाले नाही, म्हणून कुलाबा-अलिबाग ही जगातील सर्वांत लांब चुंबकीय मालिकांपैकी एक म्हणून आजही चालू आहे.

११. हे सगळे ठरवले कोणी? मूस कोण होते?

नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस, कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय पूर्णवेळ संचालक. १८९६ मध्ये त्यांनी चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर सूत्रे घेतली. अलिबागचे स्थलांतर त्यांच्याच देखरेखीखाली झाले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदी तपासून, चर्चेसह, त्यांनी १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केल्या; १८५९ चे वादळ आज अभ्यासता येते ते त्यामुळे. मूस यांचा जन्मही १८५९ चाच.

१२. कुलाबा मुंबईत की अलिबागला? दोन वेगळी कुलाबा आहेत का?

आहेत, आणि घोटाळा स्वाभाविक आहे. वेधशाळेचे कुलाबा म्हणजे दक्षिण मुंबईचे टोक. दुसरे कुलाबा म्हणजे अलिबागच्या समुद्रातील आंग्र्यांचा किल्ला, आणि त्यावरून पडलेले कुलाबा जिल्हा हे नाव. या जिल्ह्याचे मुख्य ठाणे अलिबाग. १९८१ मध्ये त्याचे नाव रायगड झाले. म्हणजे कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात गेली. जुन्या कागदात नुसते "कुलाबा" दिसले तर १९०४ पूर्वीची चुंबकीय नोंद मुंबईची समजा. नंतरच्या कागदावर अक्षांश पाहा. मुंबईचे कुलाबा १८ अंश ५४ कला, अलिबाग १८ अंश ३८ कला.

१३. बातम्यांत कुलाबा आणि सांताक्रूझ असे पावसाचे दोन आकडे का देतात? खरा कोणता?

दोन्ही खरे. एक शहराच्या दक्षिण टोकाचा, दुसरा विमानतळाजवळचा. मध्ये वीसेक किलोमीटर. पावसाचा ढग याहून लहान असू शकतो. २६ जुलै २००५ चे उदाहरण विसरता येणार नाही: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला अवघे ७३.४. कुलाब्याची स्वतःची आठवण ठेवावी अशी नोंद ५ जुलै १९७४ ची, ५७५.६ मिलिमीटर.

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून "जोरदार", ११५.६ पासून "अति जोरदार" आणि २०४.५ पासून "अत्यंत जोरदार" अशा पायऱ्या हवामान खाते मानते.

तारखेचा एक सापळा आहे. दिवस मोजतात तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, आणि आकडा मोजणीच्या दिवसाखाली लिहितात. त्यामुळे २६ जुलैचा तो पाऊस तक्त्यात २७ जुलैला सापडतो. वर्तमानपत्राशी आकडा जुळत नाही अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असते.

१४. मग कुलाब्यात तारे पाहायची मोठी दुर्बीण कधीच नव्हती का?

नवे तारे शोधण्याचे किंवा सूर्याचा वर्णपट अभ्यासण्याचे काम कुलाब्याचे नव्हते. तेथील आकाशवेध वेळेसाठी होते (प्रश्न ३). त्या प्रकारची वेधशाळा महाराष्ट्रात झाली ती पुण्यात: सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा, १८८८ मध्ये स्थापन झालेली. कावसजी नायगमवाला तिचे प्रमुख होते आणि २० इंची परावर्ती दुर्बीण ग्रब यांच्याकडून आली होती. येथील ग्रब म्हणजे हॉवर्ड, कुलाब्याची साधने करणाऱ्या थॉमस यांचे चिरंजीव. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला यांनी जेऊरला तळ ठोकला होता. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एवढी मोठी सोय हातची गेली ही महाराष्ट्राच्या विज्ञानाची हानीच. आज जुन्नरजवळच्या गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलसंस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे.

१५. जुन्या चुंबकीय नोंदी अभ्यासासाठी वापरायच्या आहेत. काय सांभाळावे?

चुंबकीय काम १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि भूचुंबकत्वाचे जागतिक माहिती केंद्रही तीच चालवते. अलिबागचे आकडे आंतरराष्ट्रीय जाळ्यात "एबीजी" या संकेताखाली मिळतात. सुरुवात त्यांच्यापासून करा, छापील जुन्या खंडांपासून नको.

जुन्या खंडांकडे वळलात की आधी एकक पाहा. कुठे मोजपट्टीचे नुसते भाग, कुठे फूट-ग्रेन-सेकंद हे ब्रिटिश एकक, कुठे गॅमा. १ गॅमा म्हणजे १ नॅनोटेस्ला. १ ब्रिटिश एकक म्हणजे सुमारे ४,६११ नॅनोटेस्ला. म्हणून आडवे बल ८ लिहिले असेल तर ते सुमारे ३६,९०० होते. मग वेळ पाहा: स्थानिक, ग्रीनिच की आणखी कोणती. खगोलाच्या जुन्या पद्धतीत दिवस दुपारी बाराला सुरू होत असे आणि ती पद्धत १९२५ ला सुटली. त्या पद्धतीने लिहिलेले "१ तारीख, २२ तास" म्हणजे आपल्या हिशेबाने २ तारखेचे सकाळचे दहा. शेवटी, तापमानाची दुरुस्ती आधीच केलेली आहे की नाही ते पाहा (प्रश्न ८). ती दोनदा केली तर उन्हाळ्यातील आकडे उगाच फुगतात.

१६. या जागा पाहता येतात का?

कुलाब्यात हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आर. सी. चर्चजवळ आहे. ते चालते कार्यालय आहे, संग्रहालय नव्हे. आधी लेखी परवानगी घ्या, शाळा-कॉलेजचा गट असेल तर प्रमुखांचे पत्र जोडा, आणि ऐन पावसाळ्यात विचारू नका.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा गावातच, समुद्राजवळ आहे. तेथेही परवानगी भूचुंबकत्व संस्थेकडून लागते. जाताना किल्ल्या, मोबाइल, घड्याळ, पोलादी बकलाचा पट्टा, हाडाला बसवलेली पट्टी असेल तर तीही, सगळे आधी सांगा. उपकरणांच्या खोलीपासून दूर थांबायला सांगितले तर ते त्यामुळेच. गाडी फाटकाच्या बाहेर, सांगतील तेथेच लावा. टनभर पोलाद जवळ येऊन उभे राहिले की वक्रावर पायरी उमटते, आणि त्या दिवसाच्या नोंदीतून ती पायरी कोणाला तरी हाताने काढावी लागते.